बाजरीतलं लोह फाईलवर कसं चढवायचं

मागच्या पावसाळ्यात पीएचडी करणाऱ्या एका मुलीबरोबर पुण्यातल्या एका सरकारी ऑफिसात गेलो होतो. तिचं काम बाजरीवर, लॅपटॉपवर तीसेक स्लाइड, ग्राफ वगैरे एकदम चकाचक, आणि बोलली पण छान. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं (हे मुद्दाम सांगतो कारण आपल्याकडे अधिकाऱ्यांना सरसकट शिव्या द्यायची सवय आहे), चहा मागवला, दोन प्रश्न विचारले ते पण मुद्द्याचे, आणि मग चष्मा काढून म्हणाले, "मॅडम, पटलं मला सगळं. आता मी सही कशावर करू?"

सही करायला कागदच नव्हता. स्लाइडवर कोण सही करतं.

खाली येऊन टपरीवर उभे राहिलो तर ती वैतागलेली, "सर, यांना काही पडलेलीच नाहीये." म्हटलं अगं पडलेली नसती तर सहीचं नाव काढलं असतं का त्यांनी, "छान काम आहे, शुभेच्छा" म्हणून वाटेला लावलं असतं.

मी काही शास्त्रज्ञ नाही हे आधीच सांगून टाकतो. शेतीवाले, डॉक्टर लोक, एनजीओवाले आणि सरकारी टेबलं यांच्यात कागद इकडून तिकडे नेणारा माणूस, बरीच वर्षं तेच करतोय आणि त्यात चुका पण भरपूर केल्यात. पुण्यात संशोधनाची कमी नाही हो, आगरकर रोडवर आघारकर संशोधन संस्था आहे, त्यांनी एमएसीएस ४०२८ नावाचा गहू काढला ज्यात प्रोटीन १४.७ टक्के आणि लोह, जस्त दोन्ही चांगलं, केईएम हॉस्पिटलचं काम आहे, शेतकी कॉलेज आहे, तिकडे राहुरीला विद्यापीठ आहे. पण पेपर छापून झाला की पुढे काय करायचं हे कोणी शिकवत नाही, म्हणून जे कळलंय ते लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी भांडं कुणाचं ते शोधा. म्हणजे काय तर तुमचं धान्य शेवटी कुठल्या भांड्यात शिजणारे आणि त्या भांड्याचा मालक कुठलं खातं. सरकारात "पोषण" असं एक खातं नाहीये. पीक कृषी खात्याचं, रेशन अन्न व नागरी पुरवठ्याचं, शाळेतली खिचडी शालेय शिक्षणाची, अंगणवाडीचा आहार महिला व बालविकासचा, आश्रमशाळेचं जेवण आदिवासी विकासचं, आणि रक्त तपासायला परत आरोग्य खातं. प्रत्येकाचं बजेट वेगळं आणि प्रत्येकाला वाटतं पोषण हे दुसऱ्याचं काम आहे. पुणेकरांची सोय अशी की कृषी आयुक्तालय इथेच, शालेय पोषण आहार बघणारं प्राथमिक शिक्षण संचालनालय पण इथेच. पण एक गंमत आहे ज्यात मी स्वतः फसलोय, महिला व बालविकास आयुक्तालय पुण्यात आहे म्हणून अंगणवाडीचा कागद घेऊन मी तिथे गेलो आणि अर्धा दिवस घालवल्यावर कळलं की अंगणवाड्या बघणारं एकात्मिक बालविकासचं आयुक्तालय वेगळंच आहे आणि ते बेलापूरला आहे. चूक माझीच, आधी एक फोन केला असता तर कळलं असतं.

भांडं ठरलं की मग तुमचा निष्कर्ष त्या भांड्यात मावतो का ते बघा, आणि इथे मला जरा थांबायचंय कारण सगळी गोची इथेच आहे.

बाजरीचंच उदाहरण घेऊ. धनशक्ती नावाचा वाण आहे, इक्रिसॅट (कोरडवाहू पिकांवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संस्था) आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने मिळून काढलेला, २०१२ मध्ये महाराष्ट्रासाठी आला आणि २०१४ मध्ये देशभरासाठी. किलोला साधारण ७१ मिलिग्रॅम लोह. हायब्रिड नाही, त्यामुळे शेतकरी घरचं बी ठेवू शकतो. आणि जास्त लोहाच्या बाजरीचा माणसांवरचा पुरावा पण आपल्याच भागातला आहे, नगर जिल्ह्यात निवासी शाळेतल्या १२ ते १६ वर्षांच्या मुलामुलींना सहा महिने रोज दोन्ही वेळेला अशा बाजरीची भाकरी दिली आणि दुसऱ्या गटाला साध्या बाजरीची. ज्यांच्यात सुरुवातीला लोह कमी होतं त्यांच्यात जास्त लोहाची बाजरी खाणाऱ्यांचं लोह भरून निघायची शक्यता साध्या बाजरीवाल्यांपेक्षा १.६४ पट निघाली. पेपर २०१५ चा. एकदम सॉलिड काम.

आता ही मुलगी काय म्हणत होती, की शाळेच्या खिचडीत आठवड्यातून एक दिवस ही बाजरी घाला. ऐकायला किती छान वाटतं ना. मी तिला म्हटलं वही काढ. पहिली ते पाचवीच्या मुलाला शालेय पोषण आहारात दिवसाला १०० ग्रॅम धान्य. निम्मा तांदूळ निम्मी बाजरी धरली तर ५० ग्रॅम बाजरी. किलोला ७१ मिलिग्रॅम म्हणजे ५० ग्रॅममध्ये साडेतीन मिलिग्रॅम लोह, ते पण आठवड्यातून एकदा, आणि त्यातलं अंगी लागणार किती ते वेगळंच. आणि पुरावा कशाचा, तर रोज दोन वेळा, सहा महिने. प्रयोगातला डोस आणि जीआरमधला डोस यांचा एकमेकांशी संबंधच राहिला नाही. ती बराच वेळ वहीकडे बघत बसली.

हे मी सगळ्यांना करायला लावतो, एका पानावर वर लिहायचं की प्रयोगात कोणाला, किती, कितीदा, किती महिने दिलं, आणि खाली लिहायचं की योजनेत कोणाला, किती, कितीदा, किती महिने मिळणार. दोन्ही ओळी जवळ असल्या तर पुढे जा. नसल्या तर एकतर भांडं बदला नाहीतर दावा बदला, पण तसंच रेटू नका, कारण दोन वर्षांनी कोणीतरी ऑडिटमध्ये विचारणार की ॲनिमिया का नाही कमी झाला, आणि मग त्या बाजरीबरोबर पुढच्या चार चांगल्या गोष्टी पण बुडणार. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये रक्तक्षय २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ४८ टक्के होता आणि २०१९-२१ च्या पाहणीत ५४.२ टक्के. गोळ्या चालू, जनजागृती चालू, तरी वाढला. असल्या आकड्यासमोर उभं राहून आठवड्याला साडेतीन मिलिग्रॅमचा दावा करायचा म्हणजे धाडसच.

आम्ही मग भांडं बदललं. रोज दोन्ही वेळेला एकाच ठिकाणी जेवणारी मुलं कुठे? आश्रमशाळेत, वसतिगृहात. प्रयोग पण निवासी शाळेतलाच होता. पुणे जिल्ह्यात घोडेगावला आदिवासी प्रकल्प कार्यालय आहे, आंबेगाव-जुन्नरकडच्या आश्रमशाळा त्यांच्याकडे. पण तिथे दुसरी मेख निघाली जी कुठल्याच पेपरात सापडणार नाही, ती बाजरी खाणारी माणसंच नाहीत. बाजरी शिरूर, दौंड, पुरंदर, बारामतीकडची, पूर्वेची. पश्चिमेकडची डोंगरातली पोरं भात आणि नाचणीवर वाढलेली. नाचणीत कॅल्शियम भरपूर, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, पण लोहाच्या बाबतीत ती धनशक्तीची जागा घेईल असं नाही. मग काय करायचं? सरळ "बाजरी" न लिहिता त्या भागात काय पिकतं आणि काय खातात ते विचारून लिहायचं, आणि बाजरीसाठी पूर्वेकडची आणि मराठवाड्याकडची निवासी शाळा-वसतिगृहं धरायची. आता हे सांगताना सोपं वाटतंय, आम्हाला हे कळायला तीन फेऱ्या लागल्या आणि एक पंक्चर.

दुसरा एक रस्ता आहे जो संशोधक लोक फार कमी बघतात आणि मला तो सगळ्यात भारी वाटतो. धान्य ताटात ढकलत बसण्याऐवजी बियाण्याचा नियम बदलायचा. २०१८ मध्ये अखिल भारतीय समन्वित बाजरी प्रकल्पाने ठरवलं की इथून पुढे बाजरीचा नवा वाण पास व्हायचा असेल तर त्यात किलोला कमीत कमी ४२ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त पाहिजे. बास. याच्यामुळे काय झालं बघा, वेगळं गोदाम नको, वेगळं पोतं नको, शेतकऱ्याला समजावत बसायला नको, कारण पोत्यातली बाजरी बघून कोणाला कळतं का हो त्यात लोह किती ते, मार्केट यार्डातला हमाल काय किंवा मी काय, दोघांनाही सगळी बाजरी सारखीच. जास्त लोहाच्या बाजरीला कोणी रुपया जास्त देत नाही, हमीभाव सगळ्या बाजरीला एकच, २०२५-२६ साठी क्विंटलला २,७७५ रुपये. मग शेतकरी लोह बघून वाण का निवडेल, तो उत्पन्न बघणार आणि केवडा रोग येतो का ते बघणार, आणि बरोबरच आहे त्याचं. म्हणून अट वाण पास करायच्या टेबलावर घातली की शेतकऱ्याला निवडायची गरजच उरत नाही. तुमचं काम जर वाणांवरचं असेल तर शाळेच्या खिचडीमागे धावण्याआधी असलं एखादं टेबल शोधा, जिथे एकच अट लिहिली की पुढचं आपोआप होतं.

बरं, भांड्याजवळ जाऊन बसणं हे मात्र कुठल्याही रस्त्यात चुकत नाही. खिचडीचाच विचार चालू होता तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत आम्ही गेलो होतो, खिचडी करणाऱ्या मावशी आणि त्यांची मदतनीस, दोघी मिळून सव्वाशे पोरांचं बघतात. पत्र्याची खोली, गॅसची मोठी शेगडी, ॲल्युमिनियमचं पातेलं. आमच्या कागदावर "बाजरीची भाकरी" असं होतं. मावशींनी कागद नुसता ऐकला आणि म्हणाल्या, "भाकरी काय पातेल्यात व्हती का दादा? सव्वाशे भाकरी थापायच्या तर पोरांना संध्याकाळीच जेवाय बोलवा." मग आम्ही म्हटलं बाजरीची खिचडी. "मग बाजरी आदल्या राती भिजाया पायजे, सडून घ्याया पायजे. राती शाळेला कुलूप. चावी गुरुजींकडं. गुरुजी शिक्रापूरला राहत्यात." संपलं. आमच्या तीस स्लाइड त्या कुलपापाशी अडकल्या.

पीठ दिलं तर? बाजरीचं पीठ फार दिवस राहत नाही, त्यातलं तेल बिघडतं आणि आठ-दहा दिवसांत कडवट लागायला लागतं, उन्हाळ्यात तर त्याच्या पण आधी. घराघरात बायका म्हणूनच बाजरी थोडी थोडी दळून आणतात. आणि ठेकेदाराकडून महिन्याचं पीठ एकदम येणार, मग तिसऱ्या आठवड्यात पोरं ताटात टाकून देणार आणि रिपोर्टमध्ये लिहिलं जाणार की मुलांना बाजरी आवडत नाही. आवडत नाही नव्हे, कडू झालेली असते ती. शेवटी मावशींनीच तोड काढली, जाडसर भरडा गावातल्या गिरणीतून आठवड्याला आणायचा, तो सकाळी गरम पाण्यात तासभर टाकायचा, निम्मा तांदूळ घालायचा, आणि वरून जरा जास्त फोडणी. आम्ही खाऊन बघितलं, रंगाला करडी दिसते पण चव चांगली. दोन पोरांनी परत घेतली, एकाने बाजूच्या कुत्र्याला घातली, असं पण झालं.

अजून एक गोष्ट मावशींनीच लक्षात आणून दिली. बाजरी ही थंडीतली. संक्रांतीला तीळ लावलेली भाकरी सगळे मागून खातात, पण एप्रिलमध्ये दिली की घरूनच निरोप येतो, "उष्ण पडते, देऊ नका." याच्यावर वाद घालत बसू नका, लोकांचं म्हणणं आहे ते आहे. उलट फायदा करून घ्या. खरिपाची बाजरी दिवाळीच्या आगेमागे बाजारात येते, तेव्हा ताजी असते, स्वस्त असते. म्हणून प्रस्तावात "वर्षभर" न लिहिता "नोव्हेंबर ते फेब्रुवारी" लिहा. खर्च कमी, तक्रारी कमी, आणि वित्त विभागाला चार महिन्यांचा आकडा बघून धक्का बसत नाही.

आता पैसे. इथे लोक सगळ्यात आळशीपणा करतात, "खर्च नगण्य आहे" असं लिहून मोकळे. नगण्य म्हणजे किती ते लिहा ना. आमच्या त्या शाळेचं गणित साधं होतं, १२० मुलं, ५० ग्रॅमने ६ किलो, १६ आठवड्यात एकेक दिवस म्हणजे ९६ किलो, हमीभावाने २,६६४ रुपये. वाटतं किती कमी. पण यात दळण नाही, वाहतूक नाही, पोती नाहीत, चाळून गेलेला खडा-माती नाही, आणि मुख्य म्हणजे तांदूळ केंद्राकडून फुकट येतो, त्यामुळे त्याच्या जागी बाजरी घातली तर ते पैसे राज्याच्या खिशातून नवीन जाणार. फाईल वर गेल्यावर कक्ष अधिकारी पहिला प्रश्न हाच विचारतात. तो तुम्हीच आधी लिहिला असला की त्यांना तुमच्यावर विश्वास बसतो. आणि खर्च कुठल्या लेखाशीर्षातून (म्हणजे बजेटमधल्या कुठल्या खात्यातून), ते पण लिहा. लेखाशीर्ष माहीत नसेल तर त्या खात्याच्या मागच्या कुठल्यातरी जीआरमध्ये शेवटी शेवटी असतं, शोधा.

वेळ पण पैशाचाच भाग आहे. राज्याचं बजेट मार्चमध्ये. मार्चमध्ये जाऊन भेटलात तर काही उपयोग नाही, तेव्हा सगळे शिल्लक निधी खर्च करायच्या घाईत असतात. दिवाळीच्या आगेमागे खाती आपापले आकडे जमवत असतात, तुमचा कागद त्याच्या आधी टेबलावर पाहिजे. हुकलं तर पुरवणी मागण्या असतात, डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात किंवा पावसाळी अधिवेशनात, पण त्याच्या भरवशावर योजना उभी करू नये असं माझं मत. शाळेतल्या अंड्याचं बघा ना, नोव्हेंबर २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं चालू झालं, सगळे खूश, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्याने त्याचे पैसे देणं थांबवलं, द्यायचं तर लोकसहभागातून द्या म्हणाले. अंड्यातलं प्रोटीन तेच होतं, पुरावा तोच होता.

याच्या उलट उदाहरण पण पुण्याचंच आहे. बीएमसीसी रोडच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यावरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात माणशी रोज २,२५० कॅलरी मिळायला किती खर्च लागतो यावरून गरिबीची रेषा काढली होती. म्हणजे पोषणाचा आकडा घेऊन थेट पैशाच्या आकड्यावर आले. आणि पुढे ग्रामीण भागात कामं काढावीत आणि त्याचा बोजा सुस्थितीतल्या लोकांनी उचलावा असंही मांडलं. पुढच्याच वर्षी १९७२ चा दुष्काळ, वि. स. पागे यांची रोजगार हमी, १९७७ मध्ये कायदा. आणि त्यासाठी पैसा कुठून, तर १९७५ पासून व्यवसाय कर. तुमच्या पगारातून दर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात ना, त्याचा जन्म रोजगार हमीसाठी झालाय. योजनेच्या नावाने स्वतःचा पैसा बांधून ठेवला होता म्हणून ती दुष्काळ संपल्यावर पण टिकली असं मला वाटतं.

कागद कसा लिहायचा ते आता. एक पान, फार तर दीड. मराठीत. "बायोफॉर्टिफाइड" लिहू नका, वाचणारा ते फोर्टिफाइड समजतो आणि मग गोंधळ. फोर्टिफाइड तांदूळ म्हणजे शंभर किलो तांदळात एक किलो लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेले दाणे मिसळतात, तो कारखान्यात होतो. तुमची बाजरी शेतातच तशी पिकते. हा फरक एका वाक्यात लिहा, कारण फोर्टिफाइड तांदूळ थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांच्या लोकांनी खावा का यावरून कोर्टापर्यंत वाद गेलेत, आणि आदिवासी भागातली फाईल असली की हा प्रश्न येणार म्हणजे येणारच. "पीपीएम" पण नको, "एका किलोत इतके मिलिग्रॅम" लिहा.

पानावर वर विषय, मग संदर्भ म्हणून त्या योजनेचा आधीचा शासन निर्णय, तारीख आणि सांकेतांकासकट. हे फार महत्त्वाचं आहे. सरकारात नवीन योजना काढणं म्हणजे डोंगर, पण जुन्या जीआरमध्ये एक ओळ वाढवणं म्हणजे टेकाड. म्हणून आधीचे जीआर सरकारच्या वेबसाइटवरून काढा, दुपार घालवा, आणि तुमची ओळ कुठल्या परिच्छेदात बसते ते शोधा. मग त्या ओळीचा मसुदाच लिहून द्या, सरकारी भाषेत. आमचा असा होता: "निवासी शाळांमधील आहारात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या कालावधीत दररोज किमान एका वेळच्या जेवणात गहू किंवा तांदळाऐवजी स्थानिक बाजरीचा वापर करण्यात यावा. पीठ सात दिवसांपेक्षा जास्त साठवू नये." बस, दोन वाक्यं. एक वेळचंच का, तर दोन वेळा कोणी कबूल होईना, आणि म्हणून रक्तात किती फरक पडेल याचा दावा आम्ही पानावरून काढूनच टाकला. "पोषक" हा शब्द पण नाही. स्लाइडमध्ये बावीस वेळा होता.

पेपर जोडायचाच तर मागे जोडा, पहिलं पान त्याच्यावर. इम्पॅक्ट फॅक्टर वगैरे कोणी विचारत नाही, विचारतात ते एवढंच की हे अजून कुठे चालू आहे का. तर सांगायला ओडिशा आहे, २०१७ पासून त्यांनी मिलेट मिशन चालवलंय, नाचणी सरकारनेच विकत घेतली आणि अंगणवाडीत लाडू करून दिली. दुसऱ्या राज्यात चाललंय म्हटलं की अर्धी भीती जाते.

भेटायचं कोणाला? लोक थेट मंत्र्यांकडे पळतात, फोटो काढतात, फेसबुकवर टाकतात, आणि निवेदनावर "योग्य ती कार्यवाही करावी" असा शेरा पडून ते त्याच टेबलावर खाली येतं जिथे तुम्ही आधीच जायला हवं होतं. टिपणी लिहिणारा माणूस महत्त्वाचा. त्याचा विषय समजून घ्या, त्याला लागणारी माहिती तक्त्यात द्या, वर्डची फाईल पण द्या म्हणजे त्याला टाइप करायला नको. आणि बदल्या होतात, हे धरूनच चाला. साहेब बदलले की परत चहापासून सुरुवात, पण खालचं टेबल बऱ्याचदा तिथेच असतं. आमदारांचा उपयोग नाही असं नाही, विधिमंडळात तारांकित प्रश्न (ज्याला मंत्र्यांना सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं तो) विचारला गेला की रखडलेली फाईल हलते, पण फाईल मुळात असायला तर पाहिजे. फाईल कुठे आहे कळत नसेल तर दहा रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, फक्त भाषा गोड ठेवा, तुम्हाला त्याच माणसाबरोबर काम करायचंय.

मंत्रालयापर्यंत जायचा धीर नसेल तर गावातच करून बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, बऱ्याच ठिकाणी त्यात खुर्च्या नाहीतर शिलाई मशीन येतात. एखाद्या सरपंचताईंना पटलं तर एका अंगणवाडीची चार महिन्यांची बाजरी त्यातून निघते. झेडपीचा सेस फंड, म्हणजे तिचा स्वतःचा निधी, असतो. असं एक वर्ष केलं की तुमच्याकडे ताटात उरलेल्या अन्नाचं वजन असतं, आणि वरच्या ऑफिसात ते वजन फेरीटिनच्या (शरीरातला लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीच्या) ग्राफपेक्षा जास्त चालतं. आम्ही साधा वजनकाटा घेऊन उरलेलं मोजलं होतं, पोरांना त्याची फार मजा वाटली.

आणि हो, तुमचा निष्कर्ष दुसऱ्या कोणाच्या चालू योजनेला टोचणार असेल तर आधी त्यांना भेटा. केईएम पुण्याचं १९९३ पासूनचं काम आहे, पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायकांचं. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या टीमला दिसलं की जवळजवळ दोन तृतीयांश बायकांत बी-१२ कमी, आणि बी-१२ कमी असून फॉलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडवालंच जीवनसत्त्व) जास्त अशा आयांच्या मुलांमध्ये पुढे इन्शुलिनला शरीर नीट दाद देत नाही. आता सरकार तर वर्षानुवर्षं लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या वाटतंय. अशा वेळी "तुमचं चुकतंय" म्हणून गेलात तर दार बंद, "यात बी-१२ ची भर घालता येईल का" म्हणून गेलात तर निदान खुर्ची मिळते.

किती दिवस लागतील असं सगळे विचारतात. मिठातल्या आयोडीनचं सांगतो आणि घाबरवतो. हिमाचलमधल्या कांग्रा खोऱ्यातला प्रयोग १९५६ ला सुरू झाला, गलगंडाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ ला, आणि साध्या मिठावर देशभर बंदी १९९८ मध्ये. २००० मध्ये ती बंदी उठली. मग २००६ पासून परत लागू. पन्नास वर्षं, आणि गोष्ट किती साधी, मीठ. त्यामुळे सहा महिन्यांच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये "धोरणबदल साध्य" असं लिहायला लावणाऱ्या फंडिंगवाल्यांचं मला हसू येतं, पण ते पैसे देतात म्हणून गप्प बसतो.

आमची फाईल? वर गेलीये. त्या साहेबांची मधे बदली झाली, नवीन मॅडम आल्या, त्यांना परत पहिल्यापासून सांगितलं, या वेळी एकच पान नेलं होतं आणि त्यांनी ते वाचून खाली "तपासून सादर करावे" असं लिहून सही केली. मुलीने त्या पानाचा फोटो काढून आईला पाठवला. वित्त विभागाकडून गेल्या आठवड्यात शेरा आलाय की दळणाचा खर्च कोण करणार आणि सात दिवसांच्या वर पीठ ठेवायचं नाही तर गिरणी शाळेपासून किती लांब चालेल. चांगला प्रश्न आहे, आमच्या डोक्यातच आला नव्हता. शनिवारी शिरूरला जाणार आहे, मावशींना विचारून येतो.